जुलैतला जाड कोट

बेट जाला,
जुलैमधला शुक्रवार, दुपार

प्रिय भाऊ मित्री,

तुझी तब्येत, तुझ्या कार्मेनचे गुडघे, दुकान, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मीही ठीक. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग कार्मेन फोन काढून घेते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. शाळा मी अर्ध्यावर सोडलेली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आज मळ्यात मिस्सेची प्रार्थना झाली. सैन्याने त्यांची भिंत आपल्या ऑलिव्हमधून न्यायची ठरवल्यापासून आपले पाद्री अबूना बुत्रोस दर शुक्रवारी तिथेच झाडाखाली मिस्सा म्हणतात. माणसं दिसत राहिली पाहिजेत, म्हणतात. पहिल्या वर्षी बसायला जागा नसायची. आता अबूना, मी, दोन-तीन म्हाताऱ्या, आणि टेबल वाहायला माझा फुआद. वेदी म्हणून अजून आईचं कणीक मळायचं टेबलच आहे. जडशीळ लाकूड. फुआद एकटा डोक्यावर घेऊन ताली चढतो, वर शिट्टी मारतो. आज शिट्टी नव्हती.

आज परदेशी चर्चची मंडळी आली होती. तू त्यांच्यासाठी भाषण पाठवलं होतंस ना, गोड गोड, क्षमा आणि कबुतरं. ते मी वाचलं नाही. चष्मा विसरले असं अबूनांना सांगितलं. चष्मा नाकावरच होता.

त्यांच्यातला एक दाढीवाला, भला माणूस, घामाने निथळत होता बिचारा, त्याने विचारलं, "आई, तुम्ही शत्रूसाठी प्रार्थना करता का?"

म्हटलं, "करते की. भिंतीच्या फाटकावरच्या त्या उंच सैनिक पोराचं नाव माहीत नाही, म्हणून देवाला सांगते, तो लंबू. देवाला कळतं."

सगळे हसले. मग तो म्हणाला, "आम्हीही दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करतो."

म्हटलं, "करा. प्रार्थना दोन्ही बाजूंची, पण फाटक एकाच बाजूचं. किल्ली त्यांच्याकडे. तुम्ही घरी जाऊन तुमच्या सरकारला त्या किल्लीबद्दल विचारा. मग गुडघे टेका. आधी गुडघे टेकलेत तर उठायचा कंटाळा येतो."

अबूनांनी याचं भाषांतर अर्धंच केलं असणार, कारण मंडळी माना डोलवत राहिली. पण तिर्झा फस्सकन हसली. तिर्झा म्हणजे तीच, यरुशलेमची ज्यू बाई, जिच्यावरून तू मला टोमणे मारतोस. "ताई, ज्यूंबरोबर चहा प्यायला लागलीस." हो, पिते. दर तोडणीला ती येते, सैनिक आले की झाडापुढे जाऊन उभी राहते. तिचा मुलगा त्यामुळे तिच्याशी बोलत नाही. तुझा कुठला पुतण्या येतो रे झाडापुढे उभा राहायला?

मंडळी गेल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, "नझीरा, फुआदला काय झालंय? चहालाही थांबला नाही."

म्हटलं, "ऊन बाधलंय."

"खोटं बोलतेस."

"हो."

तिने पुढे विचारलं नाही. तेवढी अक्कल तिला आहे.

तेल यंदा बरं होईलसं दिसतंय. फळ धरलंय. वरच्या तालीची भिंत पावसाने ढासळलीय, ती फुआद तोडणीआधी रचणार होता. दगड गोळा करून ठेवलेत. तिथेच पडलेत.

पुढच्या आठवड्यात तो अम्मानला जातोय. मित्राचं लग्न, म्हणाला. "आठवड्याभरात येतो, आई." मी म्हटलं, जा. काल त्याचे कपडे घडी करायला गेले तर पिशवीच्या तळाशी कोट. लोकरीचा, जाड, कॉलरला अजून किमतीची चिठ्ठी लावलेली. मित्री, अम्मानमध्ये जुलैत कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. जुलैत थंडी कुठे असते? पृथ्वीच्या खालच्या टोकाला, तुझ्या सान्तियागोत. इथली पोरं परदेशी निघाली की एवढं एकच विसरतात, की आईला ऋतू कळतात.

तुझ्याच दुकानात ठेवणार आहेस ना त्याला? ताईला सांगू नकोस म्हणालास, आणि त्यानेही ऐकलं. आपापल्या लहानपणीही तुम्ही दोघं असेच, आधी तू, मग तो, अंजीर चोरायचे आणि हात माझ्या परकराला पुसायचे. वाईट याचं नाही की जातोय. इथे त्याला काय आहे? काम मिळेना, फाटकावर उभं राहून जवानी चालली. पण मला अम्मान सांगितलंत तुम्ही. मी काय चौकी आहे, की माझ्यापुढे खोटं कारण सांगून पार व्हायचं?

मी त्याला अडवणार नाही. अडवून ठेवलेल्या पोराचे हात ऑलिव्ह काय तोडणार. पण तुला एक सांगायचंय, आणि ते तू बसून वाच.

जमीन पडीक दिसली की सरकारजमा करतात, हे तुला माहीत आहे. त्यांना तोफ लागत नाही. आपण निघून गेलो की पुरतं. तू तिकडे चर्चमध्ये पवित्र भूमीसाठी मेणबत्त्या लावतोस, सभा घेतोस, शांतता शांतता म्हणतोस. चांगलं आहे, सोडू नकोस. पण न्यायाची शांतता मागायची तर मागणारं कुणीतरी इथे उभं पाहिजे. रिकाम्या मळ्याला कोण न्याय देणार? तिथे नुसती शांतताच असते.

तेव्हा ऑक्टोबरात त्याला तोडणीला पाठव. राहायला नको, तोडणीला. फळ उतरवेल, तालीची भिंत रचेल, त्या लंबूला तोंड दाखवेल, मग पाहिजे तर परत तुझ्याकडे येईल. दर वर्षी. हे तू त्याला सांग, मी नाही. मी सांगितलं तर तो रडेल, मग जाणारच नाही, आणि आयुष्यभर माझ्याकडे त्या नजरेने बघेल.

"दोनच वर्षं, मामू" असं तो तुला म्हणाला असेल. तूही दोनच वर्षांसाठी गेला होतास. बाबा तुझ्या फावड्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. अजून कोपऱ्यात आहे. दांडा मी दोनदा बदललाय.

टेबलाची काळजी करू नकोस. मिस्सानंतर फुआद तसाच निघून गेला, टेबल विसरून. असं कधी होत नाही त्याचं. मी एक टोक धरलं. दुसरं धरायला अबूना वाकले तर त्यांची कंबर धरली. मग तिर्झाने धरलं. दोन म्हाताऱ्या, एक टेबल, आणि खाली उतरताना प्रत्येक तालीवर थांबायचं. ती म्हणाली, "दर शुक्रवारी येऊ का?" मी म्हटलं, "ये, पण बूट बरे घालून ये."

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पाकीट चिकटवून, वर तुझं नाव घालून त्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवतेय, तेलाचा डबा त्याच पिशवीत. तिथे उतरला की थंडीने कोट घालेल, खिशात हात घालेल, तेव्हा त्याला कळेल की मला माहीत होतं. त्याला ओरडू नकोस. आधी जेवायला घाल, आणि भाकरीबरोबर आपलंच तेल दे.

टेबलाचं एक टोक धरून असलेली,
तुझी ताई
नझीरा