पिकअप खाली उतरवली त्याबद्दल

सुलूचे बाबा,

भात झालाय. कुळथाची पिठी गरम करून घ्या. मी विक्रोळीला सुलूकडे जातेय.

काल तुम्ही म्हणालात, पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे झिजले होते म्हणून बदलले. सकाळी मी गॅरेजवाल्या धोंडूला विचारलं. तो हसायलाच लागला. "काकी, जुने पाटे ठणठणीत होते. काकांनीच कुर्ल्याच्या बाजारातून दुसरे पाटे आणि आखूड शॉकअप आणले, गाडी चार बोटं खाली घेतली. सुनंदाबाईंना चढायला त्रास होतो ना!"

बाईंचे गुडघे दुखतात, मला ठाऊक आहे. बाई चांगल्या आहेत. प्रौढांच्या वर्गात त्यांनीच मला लिहायला शिकवलं, नाहीतर ही चिठ्ठी कुठून लिहिली असती? त्यांना वर्गापर्यंत सोडू नका असंही मी म्हणत नाही. पण माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? गाडी घेतल्यापासून मी लाकडी स्टुलावर पाय ठेवून चढतेय. तुम्ही आतून ओरडायचात, "चढ गं लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय!" गाडी खाली घ्यायचं तेव्हा नाही सुचलं.

आता मंडपाचे बांबू भरले की टायर मडगार्डला घासतो आणि गल्लीतल्या गटाराच्या लादीवर गाडीचं बूड आपटतं. सगळी चाळ गॅलरीत येऊन बघते.

रविवारी मला न्यायला या. त्याआधी जुने पाटे परत बसवून घ्या. स्टूल मी बरोबर नेलंय, मी त्यावरूनच चढेन.

मालन