सातव्या पावलाची हाक

४ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दवाखान्यातून घरी आलो. ह्यांचा उजवा हात अजून उचलत नाही आणि बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. जन्मभर ह्यांनी मला 'अगं' एवढीच हाक मारली. आता ती दोन अक्षरंही हरवली.

पण काल नवल झालं. मी तोंड पुसत होते आणि ह्यांनी लग्नातले मंत्र सुरू केले. खणखणीत, एक अक्षर न चुकता. मी हरखून विचारलं, चहा देऊ का? तर पुन्हा मंत्रच. डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं, त्यात अर्थ शोधू नका.

तुझं लग्न मेमध्ये. कन्यादान काकांनी करायचं आणि मंत्र स्वतः म्हणायचे, हा तुझ्या बाबांचा हट्ट तुला ठाऊक आहे. दुसरे गुरुजी बघायचे का? काका घाई करतायत.

लोभ असू दे. तो मागायची वेळ आणू नकोस.
तुझी आई


९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरे गुरुजी बघायचे नाहीत. काकांना सांग, नवरीच अडून बसलीय. तुझा होणारा जावईही म्हणतो, बाबांनी खाटेवरून मंत्र म्हटले तरी चालेल.

आणि मांडवात प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगणारा माणूस अर्थ कसा विसरेल? ते काय म्हणतात आणि कधी म्हणतात, ते बघ. सप्तपदीतलं पहिलं पाऊल 'इष', म्हणजे अन्नासाठी. दुसरं 'ऊर्जे', म्हणजे बळासाठी. नवरीला दगडावर उभं करतात तेव्हाचं 'अश्मेव त्वं स्थिरा भव', म्हणजे दगडासारखी स्थिर राहा. तुला हे कुठून ठाऊक असणार म्हणा! गुरुजींची बायको, आणि आयुष्यात एकच लग्न जवळून पाहिलंस, तेही मान खाली घालून.

बाकीचं नंतर कळवते. चष्म्याच्या काचा घासायच्या राहिल्यात आणि मालक डोळे वटारतोय.

तुझ्या मायेला हावरट,
बडबडी


१७ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं खरं निघालं. 'इष' म्हणाले की भूक. 'ऊर्जे' म्हणाले की उठून बसायचं. परवा मी ओट्याशी डोळे पुसत होते, तर आतून आलं, 'अश्मेव त्वं स्थिरा भव'. शेजारीण हसते. म्हणते, तुमचं रोज लग्न लागतंय, आहेर तेवढा नाही.

आता एक नवीन. मी जवळ गेले की 'सखा' म्हणतात. हा शब्द तरी मला कळतो, तुला विचारायला नको. ह्यांना जिवाभावाचा मित्र एकच, घड्याळजी भावोजी. त्यांना बोलावून आणलं. ते बिचारे दुकान बंद करून आले, हात धरून बसले. तर ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भावोजी रडत गेले. ते गेल्यावर माझ्याकडे बघून पुन्हा तेच.

ह्यांना आता अन्न जात नाही. जमेल तशी ये.

तुझी वाट पाहणारी,
आई


२१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, घड्याळजीकाकांना कशाला पळवतेस! सातवं पाऊल आहे ते. 'सखा सप्तपदी भव.' नवरा नवरीला म्हणतो, सखा हो. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, बाईला सखा कसं म्हणायचं, सखी नको का? ते म्हणाले, सहा पावलं ती बायको असते, सातव्यावर बरोबरीची. तिथे बाई-पुरुष उरत नाही.

'अगं' सापडत नाही म्हणून त्यांनी हे शोधलंय. तुलाच हाक मारतायत. ओ दे.

शनिवारी निघते. तोवर दोघं एकमेकांना सांभाळा.

बडबडी


१४ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं एकवीस तारखेचं पत्र घर माणसांनी भरलेलं असताना आलं. मी ते न फोडताच घड्याळामागे खोचलं होतं. तू परत गेलीस, घर आवरलं, आज वाचलं. मी तेव्हाच वाचलंय असं तुला वाटलं असेल.

त्या सकाळचं मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांनी डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, सखा. मी म्हटलं, आणते हो, आत्ता आणते. हात सोडवून घेतला आणि चपला न घालता घड्याळजींकडे पळाले. आम्ही दोघं आलो तेव्हा खोलीत हाक मारणारं कोणी नव्हतं.

मी ओ दिली नाही.

लग्न कधी करायचं ते तुम्ही ठरवा. गुरुजी कोणीही चालतील. त्यांना एवढंच सांग, सातव्या पावलाशी थांबा आणि अर्थ मराठीत सांगा, नवरीकडे बघून. मंत्रात नसली तरी तू ओ दे. मी समोरच बसेन, मान वर करून.

लोभ आहेच.
तुझी आई