स्किप्टन कुठल्या बाजूला

केंब्रिज, ओंटारियो
शनिवार, १२ एप्रिल २०२५

प्रिय एलेन वहिनी,

तुम्हांला नमस्कार, केयाला आशीर्वाद. दोघींची तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

इकडे बर्फ गेला असं म्हणेपर्यंत काल पुन्हा भुरभुरला. विंटर टायर अजून काढलेले नाहीत. प्लांटमध्ये ओव्हरटाइम चालू आहे, पण आजचा शनिवार मी मागून सुटी घेतली. ॲमंडाचा गुडघा तसाच आहे. उद्या झावळ्यांचा रविवार. इथल्या चर्चमध्ये माणशी दोन पाती देतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून आलेली. आपल्या वसईत अख्खी झावळी घेऊन आपण मिरवणुकीत चालायचो, दादा पुढे आणि मी मागे.

हातानं पत्र लिहून बहुतेक वीस वर्षं झाली. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. फोन करणार होतो. ॲमंडा म्हणाली, "फोनवर तू पळशील. लिही." म्हणून लायब्ररीत येऊन बसलो आहे. आतापर्यंत तीन कागद फाडले.

गेल्या रविवारी तुम्ही ॲमंडाशी बोललात ते तिनं मला सांगितलं. नोव्हेंबरातल्या त्या सकाळचं. मागचं दार रात्रभर उघडं राहिलं, महिन्यात तिसऱ्यांदा, आणि तुम्ही चिडून दादाला म्हणालात, "जा तुमच्या त्या सायकलवर, परत नाही आलात तरी चालेल." आणि दादा परत आला नाही. त्या दिवसापासून तुम्हांला वाटतंय की तो तुमच्या शब्दांमुळे गेला, मुद्दाम गेला. बावीस वर्षं त्याच खोऱ्यात बस चालवलेला माणूस रस्ता चुकेल कसा, असं तुम्ही ॲमंडाला विचारलंत.

वहिनी, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. सप्टेंबरपासून आहे.

मी तुमच्याकडे स्किप्टनला आलो होतो, तेव्हाचा तो बुधवार आठवतो? तुम्ही सकाळी ड्यूटीवर जाताना अंड्याची सँडविचेस करून ठेवलीत आणि म्हणालात, जेवायच्या वेळेपर्यंत परत या, पाऊस आहे. आम्हीही तेच ठरवलं होतं. दहा मैल जायचं, चहा प्यायचा, परत फिरायचं. दादा त्याच्या नव्या सायकलवर, मी त्याच्या जुन्या. पहिल्याच फाट्यावर त्यानं ब्रेक दाबला, थोडा वेळ दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज काही ठरवायचं नाही. रस्ता नेईल तिकडे जाऊ."

मला कोण आनंद झाला! चाळीस वर्षांनी दादाबरोबर सायकल, आणि तीही मनाला येईल तशी. तुमच्याकडचे ते चढ म्हणजे काय सांगू. आमच्या इथे सपाट रस्ते, एक्झिट आणि सिग्नल. तिथे दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता, आणि तो घराच्या जिन्यासारखा सरळ वर. मी निम्म्यातच उतरून सायकल ढकलायला लागलो. दादा उभा राहून पेडल मारत वर गेला आणि तिथून ओरडला, "लेस्टर, कॅनडात जाऊन लोणी झालास रे!" एकसष्ट वर्षांचा माणूस! वारा समोरून, पाऊस आडवा. मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. उतारावर बोटं गारठून ब्रेक दाबता येईना. तरी मी हसत होतो. गडग्याच्या आडोशाला बसून आम्ही तुमची सँडविचेस खाल्ली.

केटलवेलला चहाला थांबलो. हॉटेलातली बाई बाहेर आली, दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कॉस्मस, किती दिवसांनी!" नवऱ्याचं, नातवाचं सगळं सांगत बसली. दादा हसला, मान डोलावली. ती आत गेल्यावर मी विचारलं, "कोण रे?" तो म्हणाला, "बसमधली असेल." ती म्हणाली होती की अकरा वर्षं ती त्याच्या बसनं रोज कामाला जात होती. मी मनावर घेतलं नाही.

तिथून पुढे दोन तास आम्ही वर-खाली करत होतो. एका गावात लाल फोनबूथ होता, आत पुस्तकं ठेवलेली. तासाभरानं तोच फोनबूथ पुन्हा आला. मी म्हटलं, "दादा, इथून गेलो ना आपण?" तो पेडल मारत राहिला. गावाबाहेर जरा वर गेल्यावर थांबला, सायकल गडग्याला नीट टेकवली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि ओल्या दगडावर बसला. बराच वेळ बसला. मला वाटलं दमला.

मग त्यानं विचारलं, "लेस्टर, स्किप्टन कुठल्या बाजूला आहे?"

मी हसलो, वहिनी. मला वाटलं तो गंमत करतोय. त्याचं तोंड पाहिलं आणि माझं हसू थांबलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. रस्ते विसरायला लागून वर्षापेक्षा जास्त झालं होतं. बस त्यानं तुम्हां सगळ्यांना सांगितलं तसं गुडघ्यांसाठी सोडली नव्हती. एका दुपारी सात माणसं बसलेली असताना तो एका फाट्यावर बस थांबवून बसून राहिला. कुठे वळायचं ते आठवेना. एका म्हातारीनं पुढे येऊन सांगितलं, "डावीकडे, बाळा." त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला. डॉक्टरकडे गेला नाही. म्हणाला, "अडलं की असं टेकून बसतो. डोकं मोकळं सोडलं की कधी कधी रस्ता आपोआप परत येतो. म्हणूनच कुठे जायचं ते ठरवत नाही. ठरवलंच नाही तर चुकलो असं कोण म्हणेल?"

मी म्हटलं, वहिनी नर्स आहेत, त्यांना आजच सांगू. तर त्यानं माझं मनगट धरलं. "ती दिवसभर माणसांना धुते, भरवते, उठवते, बसवते. घरी आल्यावर तिला मीही तसाच भेटू? ख्रिसमस होऊ दे, मग मी स्वतः सांगतो. तोवर तू बोलायचं नाहीस. आईची शपथ घे."

मी शपथ घेतली.

मग फोनवर नकाशा काढला आणि पुढे झालो. जन्मात पहिल्यांदा मी पुढे आणि दादा माझ्या मागे. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, कुठे कुठे भटकलात? त्यानं केवढ्या ऐटीत सांगितलं, "अगं, सगळं खोरं पालथं घातलं!" मी खाली मान घालून जेवत होतो. तुम्ही म्हणालात, लेस्टर भावोजी दमले बिचारे.

आता शपथेच्या मागे मी लपणार नाही. शपथ मोडायला मी तयार झालो असतो, जर मला मोडायची असती तर. खरं सांगायचं तर शपथेनं माझी सोय झाली. विमानात बसल्यावर मी स्वतःला म्हटलं, तिथे नर्स आहे घरात, तिच्या लक्षात येईलच, आपण साडेतीन हजार मैलांवरून काय करणार? ऑक्टोबरात त्याचे फोन आले. एकाच संध्याकाळी दोनदा त्यानं मला विचारलं, वसईच्या विहिरीवरचा रहाट काढला की आहे. पुढच्या वेळी फोन वाजला तेव्हा मी ब्रेकमध्ये होतो, हातात कॉफी होती. नाव पाहिलं आणि वाजू दिला. तो नोव्हेंबरातला गुरुवार होता. शनिवारी तो गेला.

मग तुमच्या किचनमधली ती गोष्ट. दफनाहून आलो होतो, सगळे पुढच्या खोलीत होते. तुम्ही कप विसळता विसळता माझ्याकडे पाठ करून विचारलंत, "भावोजी, तुमच्याशी काही बोलले होते का हे? कसला त्रास, काही?"

मी म्हटलं, "नाही वहिनी."

दोनच शब्द. तेव्हा दादा गेलेला होता, शपथ संपलेली होती. मी फक्त माझ्यासाठी खोटं बोललो, कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलं असतंत. माझ्या त्या दोन शब्दांची शिक्षा पाच महिने तुम्ही भोगत आहात. गुरुवारी मी ॲमंडाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "पाच महिने, लेस्टर? तिला एकटीला जळू दिलंस?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुम्ही ॲमंडाला म्हणालात, सायकल गडग्याला नीट टेकवलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, हे शेजारी दगडावर बसलेले, फोन घरी. पडलेला, अपघात झालेला माणूस असा सापडत नाही. मरायचं ठरवलेलाच असा सापडतो. पोलिसांनाही तसंच वाटलं. चौकशीत थंडीनं मृत्यू एवढंच लिहून त्यांनी पुढचं मोकळं सोडलं. पण मी त्याला तसं बसलेलं पाहिलं आहे, वहिनी. अगदी तसंच. तो रस्ता आठवण्याची वाट बघत बसला होता. त्या दिवशी बाजूला मी होतो. नोव्हेंबरात कोणी नव्हतं, अंधार लवकर पडला, आणि रस्ता परत आला नाही. तुमचं ते वाक्य त्याला जेवणापर्यंतही आठवलं नसेल. दार उघडं टाकणारा आणि रस्ता चुकणारा दादा एकाच आजारानं तसा वागत होता.

आणखी एक सांगतो, हे मी ॲमंडालाही सांगितलेलं नाही. त्या बुधवारी परत येताना दादा मागून मला हाका मारत होता. "लेस्टर, एलेन सहाला येते. तिच्याआधी पोचू ना आपण?" मी म्हटलं, पोचू. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. मी मोजलं, सात वेळा विचारलं त्यानं. आपलं गाव कुठल्या बाजूला ते त्याला आठवत नव्हतं, अकरा वर्षं रोज बसमध्ये चढलेली बाई त्याला ओळखू आली नव्हती. तुम्ही सहाला येता हे तेवढं तो धरून होता. नोव्हेंबरातही तो घरीच यायला निघालेला असणार. याहून दुसरं काही मला खरं वाटत नाही.

हे पत्र केयालाही वाचायला द्या. तिच्या वडिलांना काय झालं होतं ते तिच्या डॉक्टरला माहीत असायला हवं. पोलिसांना किंवा कोणालाही लेखी द्यायचं असेल तर मी देईन. मे महिन्याच्या तीन तारखेचं तिकीट काढलं आहे. स्किप्टनमध्ये खोली घेऊन राहीन, तुमच्या घरी उतरणार नाही. दाराशी येऊन बेल वाजवीन. उघडायचं नसेल तर उघडू नका, मी समजेन. रागानं बोलायचं असेल तर सगळं बोला. तुमच्या पदरी इतके दिवस जे बांधलं होतं ते माझं आहे, ते घ्यायला येतो आहे.

माफी या पत्रात मागत नाही. ती समोर उभं राहून मागायची असते.

तुम्हांला "नाही वहिनी" म्हणालेला,
लेस्टर