सुमेधला फीट येते असं मी सांगितलं

२० एप्रिल १९८६, रविवार

सुमेधच्या ट्रंकेत शिंदीच्या बाटल्या सापडल्या. एक रिकामी, एक अर्धी. माझ्या घरात!

लिंबाजीचा, माझ्या सख्ख्या भावाचा, मुलगा. वय सतरा. बारावीच्या तयारीसाठी परवाच देगलूरकडून इथं लातूरला आणलाय. अजून पुस्तकं लावून व्हायचीत.

विचारलं तर मान खाली. "गावात पाणी न्हाई आत्या, शिंदी हाय. टँकर येतो तर येतो. समदेच पिऊन राहिलेत." कधीपासून? "आठवी-नववीपासून. पहिल्यांदा आईनंच दिली. उन्हाळी लागली म्हणून."

गेल्या सोमवारीच भीमजयंतीच्या व्यासपीठावर मी पाचव्या शीलावर, नशा न करण्यावर, बोलले. यकृत, जठर, वाढीच्या वयातला मेंदू — सगळं सांगितलं. मनात आणलं की दारू एका दिवसात सुटते, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. घरी हे!

बाटली मोरीत ओतली. आजपासून थेंब नाही. घराबाहेरही जायचं नाही.

२१ एप्रिल

घाम, मळमळ, हाताला कंप. चहाची कपबशी फोडली. "एक गिलास दे आत्या, हात थांबंल."

नाटकं. शाळेत अशी पुष्कळ पोरं सरळ केली आहेत. शुद्धलेखन लिहायला बसवला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

२२ एप्रिल

झोपला नाही. भिंतीवर मुंगळे चढतात म्हणे. भिंत स्वच्छ आहे. रागावले.

२३ एप्रिल

सकाळी न्हाणीच्या दाराशी कोसळला. डोळे पांढरे, दातखीळ, अंग धनुष्यासारखं. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि हातातून ते निसटत होतं.

लक्ष्मीबाई शेजारून धावत आल्या, मागोमाग आळी. पलीकडच्या गल्लीतले डॉ. माणिकप्पा अनवाणी आले. माझाच विद्यार्थी. सुई दिली. पोर शांत झालं. मग त्यानं सुमेधचा हात हातात धरून ठेवला, बोटं पाहिली आणि हळूच विचारलं, "बाई, हा काही घेत होता का?"

दारात एवढी माणसं. लक्ष्मीबाईंचा कान माझ्याकडे.

"आमच्या घरात? लहानपणापासून फीट येते त्याला."

अडखळलेसुद्धा नाही. माणिकप्पानं मान हलवली आणि फिटीच्या गोळ्या लिहून दिल्या.

सुमेधचे डोळे तेव्हा उघडे होते.

२४ एप्रिल

सुमेध म्हणाला, "मी बी फीटच सांगन आत्या. तुझं नाव हाय हितं."

उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं काही काम नव्हतं.

२७ एप्रिल

निरोप मिळाल्यावर लिंबाजी सुमेधला न्यायला आला. लक्ष्मीबाई बसलेल्याच होत्या, म्हणून त्यालाही फीटच सांगितलं. तो चक्रावला. "आपल्या घरात कुणाला फीट न्हाई, आक्का. तुमच्या शहराचं पाणीच वंगाळ."

स्टँडवर फक्त आम्हीच होतो. खरं सांगता आलं असतं. गोळ्या चुकवू नकोस, एवढंच बोलले. गाडी सुटली आणि मला बरं वाटलं. हे इथं लिहून ठेवते.

३ मे

शाळेच्या फोनवर लिंबाजी. नीट ऐकू येईना. "गोळ्या देऊन राहिलो आक्का. फिटीला शिंदी चांगली म्हणतेत, म्हणून गिलासभर ती बी दिली रोज. काल दुपारपासून उठवलं तर उठत न्हाई." जीपमधून नांदेडला नेतायत.

निघाले.

४ मे, नांदेड

दवाखान्याचा व्हरांडा भरलेला. कोवळ्या वयाचा डॉक्टर. "काय काय पोटात गेलंय? खरं सांगा, त्यावर सगळं आहे."

मी सांगितलं. मोठ्यानं, वर्गात सांगते तसं. शिंदी पितो. तीन-चार वर्षं. मी एकदम बंद केली, म्हणून झटका आला. मी फीट सांगितली. म्हणून गोळ्या. वर शिंदी.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, या दुष्काळात झाडाची शिंदी उरलीय कुठं? पाणी आणि गुंगीची पावडर. अशी सवय एकदम तोडायची नसते, दवाखान्यात ठेवून हळूहळू सोडवायची असते. त्यात या गोळ्या पडल्या. दोन्हींनी श्वास मंदावतो.

लिंबाजी म्हणाला, "मला तरी सांगायचं होतं, आक्का. माझ्या हातानं पाजली ना मी." त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, माझ्याकडे बघितलंच नाही. बघायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या.

५ मे

तसाच.

७ मे

डोळे उघडले! आईला ओळखलं. आज वार कोणता, हे चारदा विचारलं. डॉक्टर म्हणतात, डोकं पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागेल. कदाचित पूर्ण येणारही नाही.

संध्याकाळी मला जवळ बोलावलं. कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मी कुणालाच सांगितलं न्हाई, आत्या."

१० मे, लातूर

कपडे न्यायला आले. आधी माणिकप्पाच्या दवाखान्यात गेले. पेशंट बसले होते. मला बघून नेहमीसारखा उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "हात बघूनच कळलं होतं मला. देगलूरकडची पोरं येतात अशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात ना, बाई."