पाच रेघांशी वैर

४ जानेवारी
अखेर मार्ग सापडला. या वेळी खरा. ड्रोन शूटिंग, गोकर्णचं हॉस्टेल, कॉफीचा कोर्स, ही सगळी तयारी होती हे आज कळलं. पार्ल्याच्या 'सूरपालवी' ऑर्केस्ट्राचा बेस गिटारवाला शिवदास बेंगळुरूला गेला. जागा रिकामी. ऑर्केस्ट्रा चालवतात श्यामकांत सर. त्यांचा एकच हट्ट, वादकाने कानाने नाही, लिहिलेल्या कागदावरून वाजवायचं. प्रत्येकजण आपल्या मनाने वाजवायला लागला की त्याची वरात होते म्हणे. मला विचारलं, नोटेशन वाचता येतं का. म्हटलं, येतं. येईलच. पाच रेघा आणि काळे ठिपके. त्यात काय.

६ जानेवारी
बाबांना सांगितलं. ते पेपर खाली न घेता म्हणाले की बावीस फेब्रुवारीला मुलुंडच्या शोमध्ये वाजवलंस तर पुन्हा विचारणार नाही. नाहीतर एक मार्चपासून भाऊरावमामाचं टाइल्सचं गोदाम, भिवंडी. बारावीनंतर माझ्याशी इतकं सलग पहिल्यांदाच बोलले.
गोदाम. मी. हसू आलं.

७ जानेवारी
चेंबूरला जाऊन मित्राची, सुबोधची, बेस गिटार उसनी आणली. तारा जुन्या आहेत, जपून वापर, असं तो तीनदा म्हणाला. कंजूष माणूस. येताना एक जण पॅराग्लायडिंगबद्दल बोलत होता. इंटरेस्टिंग. पण नाही. बेस म्हणजे बेस.

९ जानेवारी, दुपार
नोटेशन शिकलो. एका पोनीटेलवाल्याचा व्हिडिओ. दोन भाग होते, पण पहिल्यातच सगळं डोक्यात बसलं. खालच्या रेघेपासून ई, जी, बी, डी, एफ. संपलं. लोक याच्यासाठी वर्षानुवर्षं क्लास लावतात. डोकं लागतं.

११ जानेवारी
पहिली रिहर्सल. भयंकर बेसूर लोक. कीबोर्डवर मुकुल नावाचा प्राणी आहे, इस्त्रीचा शर्ट घालून सरावाला येतो. मी सूर दिला की तो दात दुखल्यासारखं तोंड करतो. दुसऱ्या गाण्याला त्याने हळूच माझ्या अॅम्पचा आवाज कमी केला. जळतो. सर म्हणाले, "घरी नीट बसवून ये." हे त्याला असणार, पण बघत माझ्याकडे होते. तिरळे असावेत.

१४ जानेवारी
घरी रियाज. आई स्वयंपाकघरातून: "ह्यां काय वाजवतंस रे? मिक्सर बिघडलो काय?"
खालच्या मजल्यावरच्या कुंदामावशी वर आल्या. तिळगूळ देऊन गेल्या आणि दारातच म्हणाल्या की त्यांचा बीपी वाढलाय. दहिसरमध्ये कलेची कदर शून्य. पार्ल्यात शिफ्ट व्हायला हवं.

१८ जानेवारी
आज मुकुलला पकडलंच. म्हटलं, तुझ्या कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं गेलंय, सगळं वरच्या पट्टीत येतंय. त्याने स्क्रीन दाखवली. शून्य होतं. मी म्हटलं, मग मशीन खराब असेल. व्हायोलिनवाली रेवती खाली बघून हसली. तिचंही सुरात नसतं. पण मुलगी आहे, सोडून दिलं.

२१ ते ३० जानेवारी
रियाज रोज करायचा ठरलं होतं. केला नाही, कारण एका मित्राबरोबर जव्हारला गेलो. धबधबे आटलेत. कोणीच आधी सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र वाजवत होतो. मनात उत्तम वाजतं.

१ फेब्रुवारी
रिहर्सल. ढोलकीवाला म्हणाला, भाई, तू वेगळंच गाणं वाजवतोयस का? ढोलकीवाल्याने सुरांवर बोलावं! मुकुलने माझा आवाज आता पूर्णच बंद केला आणि नंतर म्हणाला की वायर लूज होती. सगळ्यांचा कट आहे. सरांना सांगणार होतो, पण ते शो-शो करत पळत होते.

८ फेब्रुवारी
मोठा शोध. चार तास बसून काढला. ऑर्केस्ट्रा माझ्यापेक्षा गिटारच्या दांडीवरची साधारण तीन घरं वर वाजवतो. अख्खा. इतक्या लोकांची चूक एकट्याने सुधारणं शक्य नाही, म्हणून मीच मोठेपणा घेतो. चारही तारा तीन-तीन घरं वर पिळून ठेवणार. मुलुंड वाचलं.

१५ फेब्रुवारी
तारा पिळून गेलो. काही सूर झकास जुळले. मुकुलनेही मान वर केली. काही मात्र जास्तच घाण लागले, म्हणजे दोष आता गाण्याचा. तिसऱ्या गाण्यात पातळ तार तुटली आणि सटकन मुकुलच्या कानाला लागली. खरं तर जखम काहीच नव्हती, पण तो असा बसला की जणू कान गेला.
सर उठले. वाजवणं थांबवलं. माझ्या स्टॅण्डजवळ येऊन म्हणाले, वाजवू नकोस, नुसतं वाचून दाखव. मी वाचलं. स्वच्छ, मोठ्याने. "ई, जी, बी."
रेवती म्हणाली, "सर, हा माझं वाचतोय."
सरांनी रेघांच्या सुरुवातीच्या वेटोळ्यावर बोट ठेवलं. व्हायोलिनचं चिन्ह वेगळं असतं, बेसचं वेगळं. बेसच्या चिन्हात ती खालची रेघ म्हणजे जी, ईच्या तीन घरं वर. मी सगळंच चुकीच्या चिन्हाने वाचत होतो. सर शांतपणे म्हणाले, "हर्षद, येत नाही असं पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं रे. आता एक आठवडा राहिला."
वेटोळं एवढं महत्त्वाचं असेल तर ते मोठं का नाही काढत?

१७ फेब्रुवारी
फोन आला. मुलुंडला माझी गरज नाही. बेसशिवाय शो करणार. बघूच. खाली बेस नसेल तर गाणं कोसळतं, सगळ्यांना माहीत आहे. कोसळताना बघायला जाणार.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

२० फेब्रुवारी
आई पास वाटून आली. कुंदामावशींसकट अर्धी बिल्डिंग येतेय. म्हटलं, मी दिसणार नाही. बेसवाले पडद्यामागे बसतात, आवाज जड असतो. सगळ्यांना पटलं.

२२ फेब्रुवारी
शो कोसळला नाही.
विंगेत खुर्चीवर बसून पाहिलं. मुकुलने बेस कीबोर्डवर वाजवला. डाव्या हाताने. उजव्याने आपलं नेहमीचं वाजवत. एका गाण्यात तर डाव्या हाताने वाजवता वाजवता त्याने उजव्याने चष्मा पुसला.
शेवटी बाहेर आलो तर आईचे डोळे भरलेले. "आज खरांच बरां वाजवलंस रे." कुंदामावशी म्हणाल्या, असं असेल तर त्यांना काही त्रास नाही. मी मान खाली घातली. लोकांना विनय वाटला.

२३ फेब्रुवारी
सकाळी बाबांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, तू येणार नाहीस असं मामाला कळवलंय. मग पुढे, "शनिवारी माझा निरोप समारंभ आहे. ऑफिसात सांगून ठेवलंय सगळ्यांना. तू एकटा वाजव. तेच, कालचं." बाबा हसत होते. त्यांचे पुढचे दात असे आहेत हे मला माहीतच नव्हतं.
बाथरूममध्ये जाऊन मामाला फोन केला. म्हटलं, कळकळीची विनंती आहे, शनिवारच्या आत बोलावून घे. तो म्हणाला, बुधवारी ये, टाइल्स उतरवायला माणूस कमी आहे.
भिवंडीला मोकळी जागा भरपूर असते. बेसच्या रियाजाला तशीच लागते.