अठरा मीटरच्या खाली

३ मार्च, सोमवार

पायऱ्यांवर बोर्ड लागलाय! काल नव्हता. सकाळी टँक पाठीवर, फिन्स हातात, आणि समोर पांढरा चकचकीत बोर्ड — "सीमावर्ती परिक्षेत्र. जलप्रवेशास सक्त मनाई." मला कळायलाच अर्धं मिनिट गेलं.

मामा म्हणाला, "इंग्लिश मीडियम, पाण्यात उतरायचं नाही असं लिहिलंय."

मी म्हटलं, या पायऱ्या सगळ्यांच्या आहेत ना? लोक इथे कुत्री धुतात! मामा रंग ओला आहे का ते बोट लावून बघत राहिला.

तळ्याच्या या काठाला दुसरीकडून उतरताच येत नाही. सगळीकडे कठडा, नाहीतर टोकदार दगड. पायऱ्या गेल्या की मामाचं डायव्हिंग स्कूल गेलं. वीस वर्षं चालवतोय तो. आणि मी पुढच्या वर्षी तिथेच शिकवणार होते, तेही गेलं.

४ मार्च

वॉर्ड ऑफिसला गेले. फाइल सांभाळणाऱ्या क्लार्कबाई चांगल्या आहेत, आधी बसायला सांगितलं. तक्रारी दोन. पहिली, काठावर सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाची — डायव्हर पायऱ्यांवर कपडे बदलतात, "टॉवेलची शिस्त नाही". मला हसू आवरेना. क्लार्कबाईंनाही.

दुसरी सीमेवरच्या गस्तीची. त्यावर नाही हसले. तळ्याच्या मधोमध पिवळ्या तरंगत्या डब्यांची रांग आहे, त्यापलीकडे दुसरा देश. होडीने रांग ओलांडली तर दिसते. पण हे लोक पाण्याखालून कुठे जातात, आम्हाला काय कळणार? — असं लिहिलंय त्यांनी. आणि एकदा जरी कोणी ओलांडल्याचं निघालं तर पायऱ्या कायमच्या बंद करा, असंही.

सतरा तारखेला सुनावणी. क्लार्कबाई म्हणाल्या, "तोंडी काही चालत नाही गं इथे. लेखी काय आहे तुमच्याकडे?"

लेखी! आहे की!! लॉगबुकं!

७ मार्च

आयडिया अशी — प्रत्येक डायव्हर प्रत्येक डाइव्ह वहीत लिहितो. तारीख, वेळ, जास्तीत जास्त किती खोल गेलो. खाली बडीची, म्हणजे सोबत उतरलेल्याची सही. आणि आपल्या बाजूचा तळ अठरा मीटरवर संपतो. डब्यांची रांग ओलांडली की मात्र एकदम दरी, तीसच्याही खाली. म्हणजे सगळ्यांच्या वह्यांत अठराच्या आतले आकडे असले, तर दरीकडे कोणी गेलंच नाही! मी सुनावणीत हे मांडणार. मामा म्हणाला, "वकील झालीस की गं पाणकोंबडे." खूश होता. बहुतेक.

एकूण अकरा डायव्हर. नऊ जणांच्या वह्या आल्या. मामाने स्वतःच्या आठ वह्यांचा खोका आणून टेबलावर ठेवला. आई म्हणाली, "दादाचं अक्षर वाचायला वेगळी सुनावणी लागेल." खरंच, मुंग्या चालल्यात पानभर.

९ मार्च, रविवार

नऊ जणांचे आकडे भरले. सगळे अठराच्या आत! मामाचा खोका उघडायचा कंटाळा आला म्हणून फोन करून विचारलं, आपल्या बाजूला तू अठराच्या खाली कधी गेलायस? तो म्हणाला, "आपल्या बाजूला अठराच्या खाली पाणीच नाहीये."

बरोबर. त्याच्या नावापुढे अठरा लिहिलं. राहिली माझी वही. ती काय बघायची, पण उघडली.

डाइव्ह ३१. ऑक्टोबर. २६.४ मीटर. समोर हसरा चेहरा काढलाय मी. "माझी सगळ्यात खोल डाइव्ह!!!" खाली मामाची सही.

सव्वीस.

पाच महिने ही वही मी सगळ्यांना दाखवत फिरतेय.

१० मार्च

आठवतंय आता सगळं. दिशा धरून पोहायची प्रॅक्टिस होती. मी पुढे, मामा मागे. बुडालेल्या लोखंडी पडावापाशी थांबून मी कंपास लावला. पडावाला टेकून! लोखंडाजवळ सुई फिरते. पुस्तकात पहिल्या धड्यात आहे, पोरंसोरं सांगतील. मला वाटलं काठाकडे चाललेय. मी सरळ दुसऱ्या देशात शिरले, आणि वर "किती खोल! किती मस्त!"

१२ मार्च

मामाकडे गेले. दुकानामागे सूट धूत होता.

"तुला कळलं होतं?"

"खोलीच्या काट्यावर वीस मीटर दिसले तेव्हाच."

"मग थांबवलं का नाहीस?"

त्याने सूट उलटा केला, पाणी झटकलं. "शिकणाऱ्याला आपली चूक स्वतःहून दिसली पाहिजे. दोन मिनिटं थांबलो. तू काही बघेनास, मग पाय धरून ओढलं."

मला वाटलेलं हवा संपत आली म्हणून ओढलं!

"मग आता काय करू मी?"

"वही तुझी आहे. मी नाही सांगणार."

असा राग आला! सांगायला काय जातं याचं?

१३ मार्च

आई विचारते ताटात काय शोधतेयस.

१५ मार्च

माझी वही न देता दहा जणांच्या दिल्या तर? खोटं तर नाही बोलत. नवीन आहे मी, माझ्या डाइव्ह मोजून चौतीस. कोण विचारणार?

वही स्वेटरांच्या खाली ठेवली. मग काढून पलंगाच्या गादीखाली. मग पुन्हा स्वेटरांखाली. मला चोरी करता येत नाही, एवढं नक्की!

पान फाडता येणार नाही, डाइव्हना नंबर आहेत. तीसनंतर बत्तीस कसा येईल? म्हणजे फाडायचा विचार मी केला होता. हे इथेच लिहितेय.

१७ मार्च, सोमवार

झाली सुनावणी.

हॉल छोटा, पंखा करकरणारा. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी टॉवेलवर दहा मिनिटं घेतली. "आम्ही नजर तरी कुठे ठेवायची?" मागून कोणीतरी म्हणालं, "पाण्यावर ठेवा." सगळे हसले.

मग मी. दहा जणांच्या वह्यांचे गठ्ठे, तळाचा नकाशा, आकडे. आवाज बरा लागला. "एकोणसत्तर" म्हणताना अडकले, "सिक्स्टी नाइन" म्हणून मोकळी झाले. गस्तीचे साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी एकच प्रश्न — "म्हणजे अठराच्या खाली एकही डाइव्ह नाही?"

मला वाटलेलं कोणी असं सरळ विचारणारच नाही.

"एकही नाही, सर."

टाळ्या वाजल्या. मामा शेवटच्या रांगेत चपलांकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बोललीस छान." आणि टँक भरायला निघून गेला.

वह्या तपासणीसाठी ऑफिसनं ठेवून घेतल्यात. निकाल गुरुवारी.

१८ मार्च

सगळ्यांचे मेसेज येतायत. हिरोईन, वाघीण वगैरे. फोन स्वेटरांखाली ठेवला.

१९ मार्च

एक डाइव्ह कधीच एका वहीत नसते. जितके उतरले तितक्या वह्या.

आत्ता, दात घासताना सुचलं हे. मामाचा खोका मी उघडलाच नाही.

मामाला फोन केला. उचलला नाही. परत केला. म्हणाला, "शिकवतोय, नंतर बोल." बोर्ड लागल्यापासून पाण्यात कोणी नाही. कोणाला शिकवतोय?

२० मार्च, गुरुवार

क्लार्कबाईंचा फोन. मामाच्या आठव्या वहीतलं एक पान गस्तीच्या साहेबांनी बाजूला काढलंय. बाईंनी वाचून दाखवलं, अक्षर लावत लावत — "२६.४. रेषेपलीकडे गेलो. भाची स्वतः ओळखेल म्हणून थांबलो. थांबायला नको होतं. चूक माझी." तारीख त्याच दिवसाची.

"खाली बडीची सही आहे गं," त्या म्हणाल्या. "शेजारी हसरा चेहरा पण काढलाय. साहेब इथेच बसलेत, विचारतायत. कोणाची म्हणून सांगू?"

मी न वाचताच सही केली होती.

म्हटलं, माझी. वही घेऊन येते.