दारात जमलेल्या गर्दीबाबत खुलासा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
घरगुती व्यवसाय नोंदणी शाखा,
नगर कार्यालय.

विषय : निवासी भागात मर्यादेपेक्षा जास्त गिऱ्हाईक जमवल्याच्या कारणावरून नोंदणी रद्द न करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल व त्यावरून आलेली नोटीस.

महोदय,

१. खाली सही करणारी मी आणि माझी थोरली बहीण (जिला यापुढे 'ताई' म्हटले आहे, आधीही तेच म्हणत होते) राहत्या घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे ऑल्टर करून देत होतो. एका वेळी चारपेक्षा जास्त गिऱ्हाईक नको, हा आपला नियम आम्हाला पाठ आहे. पाचवे माणूस आले की ताई त्याला कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगायची.

२. अहवालात लिहिले आहे की पाहणीच्या दिवशी घरात व जिन्यावर मिळून साठ-सत्तर गिऱ्हाइके होती. माणसे होती, हे खरे. गिऱ्हाइके होती, हेही खोटे कसे म्हणू? आम्हाला दुसरे गणगोत नाही. पण त्या दिवशी कोणी कपडे घेऊन आले नव्हते. पहाटे ताई गेली होती.

३. 'यंत्र चालू होते' हा शेरा बरोबर आहे. मशीनवर ताईचाच निळा ड्रेस होता. आजारात ती निम्मी झाली होती. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे अंगाबरोबर बसवून देणाऱ्या बाईला ढगळ कपड्यात कशी पाठवू? दोन्ही बाजूंनी बराच आत घ्यावा लागला. निरीक्षकांनी विचारले तेव्हा मी मान वर न करता "अर्जंट काम आहे, नंतर या" म्हणाले, आणि तेच त्यांनी लिहून नेले. त्यांचा दोष नाही. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. रडू आले की ती जास्तच चालते.

४. एवढ्या गर्दीची पूर्वसूचना का दिली नाही, असे नोटिशीत विचारले आहे. साहेब, आम्हाला तरी कुठे होती? डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, आता काळजी नाही.

५. नोंदणी ताईच्या नावावर आहे. ती रद्द न करता माझ्या नावावर करून द्यावी. मला दुसरे काही येत नाही. शिवाय ताईने मापे घेऊन खुणा केलेले कपडे खोलीत तसेच पडून आहेत. काम बंद ठेवण्याचा आपला हुकूम असल्याने मी हात लावलेला नाही. खुणा खडूच्या आहेत, फार दिवस टिकत नाहीत. त्या पुसल्या गेल्या तर तिच्या हातचे काहीच उरणार नाही, म्हणून निकाल लवकर द्यावा.

६. पूर्वसूचनेचे म्हणाल तर पुढची वेळ माझीच आहे, आणि तेव्हा अर्ज करायला घरात कोणी नसेल. तरी हाच अर्ज पूर्वसूचना समजावा. ती सगळी माणसे ताईने जोडली होती. मला ते जमले नाही. तेव्हा त्या दिवशी चारची मर्यादा ओलांडली जाईल, असे वाटत नाही.

आपली नम्र,
(सही)
ताईची धाकटी बहीण

दिनांक : ९ जुलै
सोबत : मृत्यूचा दाखला (ताईचा).